पाना खाली ठेवा, आधी ऑइलचा माग काढा

मोटरसायकलच्या पावसाळ्याआधीच्या देखभालीवर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हा शेवटी सहज एक ओळ टाकली होती की इंजिनखाली डाग पडत असेल तर कळवा. ती ओळ अंगाशी आली. ब्रेक, टायर, बॅटरी सगळं मागे पडलं आणि टपालात निघालं ते नुसतं ऑइल. तेव्हा या वेळी दुसरा विषय नाही. चिपळूणच्या सरांचं पत्र आधी घेतो, कारण त्यांच्या उत्तरात बाकीच्यांची निम्मी उत्तरं आहेत. आपलं पत्र शोधण्याआधी तेवढं वाचून घ्या.

प्रश्न : माझी स्प्लेंडर २०१३ची. शाळेला जाऊन-येऊन रोज तीसेक किलोमीटर होतात. वर्षभरापासून सकाळी फरशीवर डाव्या बाजूला रुपयाएवढे दोन-तीन डाग दिसतात. मेकॅनिकने आधी ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला, मग उजवीकडचं क्लच कव्हर आवळलं, शेवटी खालून सिलिकॉन फासलं. गळती आहे तशीच. आता तो म्हणतो, इंजिन उतरवून सगळं खोलावं लागेल. खोलू का? (एक शिक्षक, चिपळूण)

उत्तर : सर, खोलू नका. निदान आत्ताच नको. तुमच्या मेकॅनिकने तीन कामं केली, पण ऑइल येतंय कुठून हे एकदाही पाहिलं नाही. तुमच्याकडे घर गळतं तेव्हा कौल फुटलेलं असतं एकीकडे, पाणी वाशावरून ओघळत येतं आणि टपकतं भलतीकडे. इंजिनावर ऑइल तसंच वागतं, वर त्याला वाऱ्याचा धक्का. गाडी उभी असताना ते खाली येतं, चालताना मागे जातं. म्हणजे ठिबकतं ते सगळ्यात खालून, पण उगम असतो सगळ्यात वरच्या आणि पुढच्या ओल्या जागी. ड्रेन बोल्ट इंजिनाच्या तळाला. वरून कुठूनही निघालेला थेंब अखेर त्याच्याच डोक्यावर येऊन लटकतो, म्हणून त्या बिचाऱ्याचा वॉशर नेहमी पहिला बदलला जातो.

माग असा काढा. इंजिन गार असताना डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन पूर्ण धुवा. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्याच्या, पट्ट्यांमध्ये, कव्हरांच्या सांध्यांत, चेनच्या पुढच्या दातेरी चक्राच्या (स्प्रॉकेटच्या) मागे, सगळीकडे. पेट्रोलने धुवायचा शॉर्टकट नको, आग लागते. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, आणि तासभर उन्हात. खालून फासलेलं ते सिलिकॉनही नखाने, लाकडी पट्टीने ओढून काढा, त्याच्या आडून काही दिसणार नाही. इंजिन खडखडीत वाळलं की अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर कापसावर घेऊन सगळ्या सांध्यांवर थापा. गाडी पांढरीफेक दिसेल, शेजारी हसतील, हसू दे.

आता मेन स्टँडवर पाच मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन बघा. काही नसेल तर गावात एक फेरी मारून या आणि पुन्हा बघा. मग थोडा लांबचा पल्ला. पावडरीवर ऑइलची रेघ आधी केसाएवढी उमटते. ती जिथून सुरू होते ती जागा पकडायची. एकदम चाळीस किलोमीटर जाऊन आलात तर सगळंच ओलं होईल आणि धुणं पुन्हा.

स्प्लेंडरच्या डाव्या अंगाला वरून खाली असे संशयित आहेत. हेडच्या डाव्या कुशीला गोल झाकण आहे, त्याच्या मागे टायमिंग चेनचं चक्र. त्याची रबरी रिंग कडक झाली की ऑइल ब्लॉकवरून (सिलिंडरच्या अंगावरून) ओघळत थेट मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चक्राच्या) कव्हरवर येतं. त्याखाली हेड आणि ब्लॉक यांचा सांधा. टायमिंग चेनच्या बोगद्यातून ऑइल परत खाली येत असतं, म्हणून या बाजूचं पॅकिंग आधी पाझरतं. वरची ही जागा कोरडी असेल तर डावं कव्हर उघडा. मॅग्नेटच्या प्लेटमागे क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, सील आणि एक रबरी रिंग आहे. ते गेलं असेल तर मॅग्नेटच्या खोलीत सगळीकडे गोल फवारा दिसतो. नुसतं स्प्रॉकेटच्या मागे ओलं असेल तर स्प्रॉकेटच्या शाफ्टचं सील. गिअर लिव्हरच्या दांडीभोवती असेल तर तिचं सील. न्यूट्रलच्या दिव्याची वायर जिथे जाते त्या स्विचलाही रबरी रिंग असते, तीही बघा.

तुमच्या डागांचं वर्णन वाचून माझा पहिला संशय स्प्रॉकेटच्या सीलवर आहे. पण त्याआधी एक खुलासा करून घ्या. चेनला काय घालता? पुष्कळ जण नव्वद नंबरचं गिअर ऑइल बाटलीने ओततात. ते स्प्रॉकेट फिरलं की कव्हरच्या आत उडतं, धुळीत कालवून त्याचा काळा लगदा होतो आणि रात्री त्यातून थेंब गळतात. इंजिन ठणठणीत, आणि मालक मेकॅनिकच्या दारात. बोटावर घेऊन बघा. गिअर ऑइल चिकट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तो लगदा खरवडून काढून दोन दिवस चेनला काही न घालता चालवलंत तर उत्तर आपोआप मिळेल.

सीलच असेल तर या गाडीत ते बाहेरून निघतं, इंजिन खोलावं लागत नाही. आधी स्प्रॉकेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खटखट हलत असेल तर आतलं बेअरिंग गेलंय. नवीन सील टिकणार नाही, आणि अशा वेळी मात्र मेकॅनिक म्हणतो तसं खोलणं भाग आहे. हलत नसेल तर चेन ढिली करून स्प्रॉकेट काढा. जुन्या सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू जरासा फिरवून पकडीने ओढा. शाफ्टला किंवा केसिंगला ओरखडा गेला तर नवीन सीलही गळेल, तेव्हा घाई नको. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तेच जुळवून घ्या. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, म्हणजे आत. सीलच्या आतल्या रबरी कडेला, म्हणजे ओठाला, बोटाने ग्रीस लावा आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट टेकवून हलक्या ठोक्यांनी सरळ बसवा. तिरकं गेलं तर काढून फेका, सरळ करायचा प्रयत्न नको. शाफ्टवर जुन्या ओठाने चरी पाडली असेल तर ती नखाला लागते. तसं असेल तर सील मिलिमीटरभर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो.

आणि सर, चेन ताणून ठेवू नका. मधोमध २० ते ३० मिलिमीटरची ढील हवी. आवाज येतो म्हणून लोक चेन तारेसारखी ओढतात, तो सगळा ताण शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो आणि सील एका बाजूने झिजतं. सील शे-सव्वाशेच्या आत येतं. खोलकामाचा खर्च तुम्हाला माहीतच आहे.

प्रश्न : पल्सर १५०ला मित्राच्या सांगण्यावरून ओपन एअर फिल्टर बसवला. गाडी गणपतीनंतर दोन महिने पडवीत उभी होती. काढली तर एकाच आठवड्यात हेड कव्हर, क्लच कव्हर आणि गिअरची दांडी अशा तीन ठिकाणांहून ऑइल यायला लागलं. एवढी सगळी पॅकिंगं एकदम कशी गेली? (एक बागायतदार, गुहागर)

उत्तर : पॅकिंगं एकदम जात नाहीत. तीन जागा एका वेळी गळू लागल्या की सांध्यांकडे बघायचंच नाही, आतला दाब बघायचा.

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला १०० वेळा होतं. शिवाय पिस्टनवरच्या रिंगांच्या फटीतून जळलेला वायू थोडाफार खाली उतरतच असतो. या सगळ्याला बाहेर पडायला एक नळी दिलेली असते, ती ब्रीदर. कंपनीने ती एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेली असते. तुमच्या मित्राने डबा काढला, म्हणजे नळी आता उघड्यावर लोंबत असणार. ती काढून टॉर्चसमोर धरा. तुमच्या भागात, पडवीत, पावसाळ्याच्या शेवटाला... माझी पैज कुंभारीण माशीवर आहे. तिला मातीचं घर बांधायला नळीसारखी जागा सापडली की ती सोडत नाही. माझ्याकडे मालवणची एक गाडी आली होती, तिच्या ब्रीदरमध्ये बोटभर लांब माती ठासलेली, मधल्या कप्प्यात मेलेल्या अळ्या. नळी इंजिनावरून काढल्याशिवाय खुपसाखुपशी करू नका, ती माती आत गेली तर ऑइल पंपाचं काम निघेल. कुंभारीण नसली तर नळी मुडपली असेल किंवा आत पाणी आणि ऑइलचा पांढरट साका जमला असेल.

नळी काढून इंजिन चालू करा आणि तोंडाशी तळहात धरा. हलके फुफ्फाटे लागले तर ठीक. सलग जोराची वाफ येत असेल आणि तिला निळसर धूर असेल तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, तो वेगळा खर्च.

नळी मोकळी झाल्यावर इंजिन धुऊन पुन्हा पावडर लावा. बऱ्याचदा तीनपैकी दोन जागा आपोआप कोरड्या होतात. एखादं सील दाबाने जागेवरून सरकलं असेल, तेवढं बदलायचं. आणि तो ओपन फिल्टर काढून मूळ डबा लावा. मित्राला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

प्रश्न : मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. वाड्यावस्त्यांवर जायला जुनी पॅशन वापरते. ऑइल गळतंय म्हणून पातळी बघितली तर ती कमी होण्याऐवजी वाढलेली! ऑइल पाण्यासारखं पातळ आहे. हे कसं? (चंदगड)

उत्तर : ताई, हे पत्र वाचून झालं की गाडी चालू करू नका. पातळी बघायच्या काडीवरचा थेंब हुंगून बघा, पेट्रोलचा वास येणार. इंजिनात पेट्रोल उतरतंय. ऑइल वाढलं, पातळ झालं, आणि पातळ झाल्यामुळे कालपर्यंत धरून असलेल्या सांध्यांतून गळू लागलं. गळती हा इथे परिणाम आहे.

कार्बोरेटरमध्ये एक फ्लोट असतो, त्याच्या माथ्यावरची सुई पेट्रोल थांबवते. सुई झिजली किंवा तिच्याखाली कचरा अडकला की पेट्रोल थांबत नाही. एरवी ते ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर पडतं आणि आपल्याला कळतं. नळी चिखलाने बुजली असेल तर ते इनलेटमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या बाजूने खाली झिरपतं. रात्रभर पेट्रोल कॉक चालू राहिला तर सकाळपर्यंत भरपूर उतरतं. हे नुसतं इंजिन खराब होण्याचं काम नाही, आत पेट्रोलची वाफ साठलेली असते.

गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्या. फ्लोटची सुई आणि तिची बैठक बदलून घ्या, ओव्हरफ्लोची नळी मोकळी करा, टाकीतला गाळ काढा, आणि ऑइल पूर्ण बदला. नुसतं ऑइल बदलून दिलं तर आठवड्यात पुन्हा तेच. त्या मेकॅनिकला ड्रेन करताना बिडी विझवायला सांगा, हे मी गमतीने म्हणत नाही. पुढे रोज रात्री कॉक बंद करायची सवय ठेवा. सकाळच्या थंडीत चोक ओढून निघत असाल तर इंजिन तापलं की लगेच परत ढकला. चोक ओढलेला ठेवून दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तरी थोडं थोडं पेट्रोल खाली जातं.

प्रश्न : फौजेतून निवृत्त झाल्यावर जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट घेतली. पंधरा दिवस चालवली नाही की पुढच्या वेळी चालू करताच ब्रीदरमधून ऑइल ओकते, सायलेन्सरमधून धूर. पातळी बघितली तर कमी, म्हणून दर वेळी भर घालतो. शिवाय डाव्या बाजूचं मोठं कव्हर सतत ओलं. (सातारा)

उत्तर : साहेब, भर घालणं आधी थांबवा. तुमच्या बुलेटमध्ये ऑइलची टाकी क्रँककेसच्या ओतकामातच, क्रँकच्या मागे आहे. एक पंप टाकीतून क्रँकला ऑइल देतो, दुसरा क्रँकखाली साचलेलं उपसून टाकीत परत टाकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पुरवठ्याच्या पंपातून ऑइल हळूहळू क्रँकच्या खड्ड्यात झिरपतं. टाकीत कमी दिसतं, पण इंजिनातून ते कुठेही गेलेलं नसतं. त्यात तुम्ही आणखी ओतता. मग किक मारल्यावर क्रँक त्या डबक्यात घुसळतो आणि जास्तीचं सगळं ब्रीदरच्या वाटेने बाहेर. तुमची गाडी घातलेलं ऑइलच परत देते आहे.

पातळी बघायची ती गाडी चांगली आठ-दहा किलोमीटर पळवून आल्यावर, मिनिटभर थांबून. जास्त दिवसांनी काढत असाल तर चालू करून सुरुवातीला रेस न देता दोन-तीन मिनिटं मंद चालू ठेवा, उपसणारा पंप आपलं काम करतो. झिरपणं फार जोरात असेल, म्हणजे दोन दिवसांत टाकी रिकामी होत असेल, तर पंपाच्या चकत्या आणि त्यांची बैठक बारीक पेस्टने घासून घ्याव्या लागतील. हे काम बुलेटचा हात असलेल्याकडेच द्या. ब्रीदरच्या टोकाला दोन ओठांची रबरी झडप असते. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. ती कडक झाली असेल तर बदला, किरकोळ वस्तू आहे.

डावीकडचं प्रायमरी चेनचं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. गळलं की लोक तो नट आणखी आवळतात. कव्हर मधून दबतं, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते. कव्हर काढून काचेवर पालथं ठेवा, कडा कुठे उचललेली आहे ते फटीतून दिसेल. लेथवाल्याकडे किंवा काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती सपाट करून घ्या, कडेची रबरी रिंग नवी घाला आणि नट बेताने आवळा. तरीही, साहेब, या इंजिनाला थोडी ओल राहणारच. बुलेटवाले ती अभिमानाने सांगतात, मी त्यांच्यातला नाही, पण रोज एखादा थेंब पडत असेल तर त्यासाठी इंजिन खोलायला मी सांगणार नाही.

प्रश्न : वडिलांची आरएक्स १०० नीट करून घेतली. गिअर ऑइल महिन्यात निम्मं होतं, पण जमिनीवर एक डाग नाही! उलट सायलेन्सरच्या जोडाशी काळं ऑइल ठिबकतं. (इचलकरंजी)

उत्तर : पाव्हणं, तुमचं गिअर ऑइल बाहेर गळत नाही, इंजिन पितंय. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर जाताना क्रँकच्या खोलीत पोकळी तयार होते, त्या ओढीनेच तर पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. उजवीकडे, क्लचच्या बाजूला क्रँकचं सील फाटलं की तीच ओढ गिअरबॉक्समधलं ऑइल खेचते आणि जाळते. दाट पांढरा धूर, प्लग ओला आणि धुराला जळक्या गिअर ऑइलचा वास. हे तिन्ही असेल तर निदान झालं. डावीकडचं, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं असतं तर उलटं झालं असतं, बाहेरची हवा आत गेली असती, गाडी रेस सोडल्यावरही गुरगुरत राहिली असती आणि पिस्टन तापून धरला असता. म्हणून उजवं बदलताना डावंही बदला.

आरएक्स १००चं उत्पादन १९९६मध्ये थांबलं, त्यामुळे बाजारात सीलं तऱ्हेतऱ्हेची आहेत. स्वस्त काळ्या रबराचं घेऊ नका, उष्णता सोसणाऱ्या रबराचं मागा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा आपल्याकडे कोल्हापुरात उद्यमनगराच्या आसपास चौकशी केलीत तर मिळतं. सायलेन्सरच्या जोडाशी दिसतं ते न जळलेलं टू-टी, म्हणजे पेट्रोलबरोबर जळायचं ऑइल, आणि तुमचं गिअर ऑइल. सील बदलल्यावर ते कमी होईल. नाहीच झालं तर जोडाची रिंग बदला आणि टू-टीचा पंप जास्त सोडतोय का ते तपासा.

प्रश्न : घरी ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट फिरतच राहिला. आता ठिबकतोय. नळाच्या आट्यांना लावतात ती टेफ्लॉन टेप गुंडाळून चालेल का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : नाही. केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. आटे गेले ते केसिंगचे. टेप गुंडाळून बसवलेला बोल्ट एखाद्या खड्ड्यात निघाला तर लिटरभर ऑइल मागच्या चाकासमोर रस्त्यावर. इंजिन तर जाम होईलच, पण त्याआधी तुम्ही आडवे.

लेथवाल्याकडे जाऊन हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे भोक मोठं करून त्यात पोलादी आट्यांची स्प्रिंग. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा बसतो आणि पहिल्यापेक्षा पक्का. टॅप फिरवताना त्याच्या खाचांत ग्रीस भरायला सांगा, कीस त्यात चिकटतो. काम झाल्यावर बोल्ट लावायच्या आधी वरून थोडं ऑइल ओतून खाली वाहू द्या, उरलेला कीस धुऊन निघतो. जाड बोल्ट ठोकून बसवायचा उपाय स्वस्त पडतो, पण तो पुन्हा गेला की पुढे जागा उरत नाही.

१२ मिलिमीटरच्या ड्रेन बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. कव्हराच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना तर १०च्या आसपास. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो घ्या. टॉर्क पाना नसेल तर निदान लांब दांड्याचा पाना वापरू नका. आणि वॉशर दर वेळी नवा. तांब्याचा असेल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि पुन्हा चालतो. ॲल्युमिनियमच्या वॉशरवर हा प्रयोग करू नका, वितळेल.

प्रश्न : क्लच कव्हरचं पॅकिंग घरी बदलायचं आहे. बाजारात मिळालं नाही तर पुठ्ठ्याचं कापून चालतं का? वर सिलिकॉन किती लावायचं? (नांदेड)

उत्तर : पुठ्ठा अडीनडीला घरी पोहोचण्यापुरता ठीक. तो ऑइल शोषतो आणि जाडी बदलतो. गॅस्केटचा कागद दुकानात मीटरवर मिळतो. जुन्या पॅकिंगएवढ्याच जाडीचा घ्या, कव्हर त्यावर ठेवून आखा आणि भोकं पंचाने पाडा.

खरा घोळ बोल्टांचा होतो. कव्हराचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढा, काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी भोसकून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंग फुटतं, आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन आट्यांवर लटकतो आणि तेवढेच आटे घेऊन निघतो. जुनं पॅकिंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, त्या ओरखड्यातूनच उद्या गळेल. डिझेल लावून भिजू द्या आणि ब्लेड आडवं धरून काढा. दोन पोकळ पिना असतात, त्या कव्हरात अडकून निघतात, परत बसवायला विसरू नका. एवढं उघडलंच आहे तर किकच्या दांडीचं सीलही बदला. बोल्ट आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत.

सिलिकॉन: चांगल्या पॅकिंगला लागत नाही. लावायचंच तर बोटावर पुसट दिसेल एवढा थर. ट्यूब पिळून जी जाड वात लोक लावतात, ती आवळताना जितकी बाहेर येते तितकीच आतही जाते. आतली सुटून ऑइलच्या चाळणीवर जाऊन बसते. चाळणी बुजली की ऑइल हेडपर्यंत चढत नाही. चाळणीत लाल-काळ्या रबराच्या अळ्या आणि वर घासून गेलेला कॅम, ही जोडी गॅरेजवाल्यांना नवी नाही.

थोडक्यात उत्तरं

*पंढरपूर :* नाही, जाड ऑइल घातल्याने गळती थांबत नाही. थोडी मंदावते, आणि थंड इंजिन चालू होताना वरच्या भागांना ऑइल उशिरा पोहोचतं. कंपनीने सांगितलेला ग्रेडच घाला.

*पुणे, कोथरूड :* नवीन गाडी, वॉरंटी आहे, हेडजवळ ओल दिसते. तुम्ही पान्याला हात लावू नका. तारखेसह फोटो काढा, सर्व्हिस सेंटरला दाखवा आणि जॉबकार्डवर ‘ऑइल लीक’ असं त्यांच्याच हाताने लिहून घ्या. ‘नॉर्मल आहे’ असं तोंडी सांगून पाठवलं तरी नोंद हवी, वॉरंटी संपल्यावर तीच कामाला येते.

*बेळगाव :* तुमच्या फोटोत इंजिन नाही, पुढच्या शॉकअपचं सील गळतंय. दांडीवर ऑइलचं कडं स्पष्ट दिसतंय, तेच वाऱ्याने मागे इंजिनावर येतं. ब्रेक डिस्कवर जायच्या आत बदला. डिस्कवर गेलंच असेल तर पॅडही नवे.

*नाशिक रोड :* ऑइल चहासारखं दुधाळ म्हणजे पाणी मिसळलंय. जोराच्या फवाऱ्याने धुऊन आणली असेल. बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. फवारा मारताना ब्रीदर आणि ऑइलच्या काडीची जागा सोडायला सांगा.

*अकोला :* काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, आणि गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासायचं असेल तर जनावरं चाटणार नाहीत एवढ्या उंचीवर. त्यापेक्षा कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावा आणि जवळच्या मोठ्या गॅरेजमध्ये द्या. तिथे बॅरल असतं, ते भरलं की जुनं ऑइल घेणारे येऊन घेऊन जातात. पेट्रोल किंवा डिझेल मिसळलेलं असेल तर तसं सांगून द्या, ते वेगळं ठेवतात.